पालिकेची नागरिक प्रश्न सेवा: नोंद चोख, उत्तर मात्र नशिबाने

घरासमोरचा पथदिवा तीन दिवसांपासून बंद आहे, नळाला पांढुरके पाणी येते आहे, शेजारच्या बांधकामावरचे यंत्र रात्री अकरानंतरही थांबत नाही. असले प्रश्न जीवनमरणाचे नसतात, पण ज्याला पडतात त्याचा दिवस मात्र नासवतात. अशा प्रश्नांसाठी आमच्या नगरपालिकेने दूरध्वनी, संकेतस्थळ, मोबाइल अ‍ॅप आणि कार्यालयातील खिडकी अशा चार वाटांनी चालणारी सेवा ठेवली आहे, आणि गेले सुमारे वर्षभर मी या चारही वाटा आलटूनपालटून वापरल्या आहेत. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे. तक्रार दूर झाली की नाही एवढ्यावरच सेवेचे मोल ठरवणे मला योग्य वाटत नाही, कारण निधी, मनुष्यबळ आणि ऋतू यांच्या अडचणी खऱ्या असतात आणि प्रत्येक काम मागितल्याबरोबर होऊ शकत नाही. उत्तर द्यायला मात्र निधी लागत नाही. हे काम कोणाचे आहे, ते केव्हा होईल आणि होणार नसेल तर का होणार नाही, एवढे तीन मुद्दे ज्या उत्तरात आहेत ते उत्तर मी पूर्ण मानतो, मग त्यातून माझ्या मनासारखे काही निघो वा न निघो.

नोंदणीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. अ‍ॅपमध्ये छायाचित्र जोडता येते, नकाशावर जागेची खूण करता येते आणि लगेच नोंदणी क्रमांक मिळतो. दूरध्वनीवरही हा क्रमांक न मागता सांगितला जातो, आणि खिडकीवर अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच देतात. अडते ते विभाग निवडताना. रस्त्यावर पाणी साचले असेल, तर ती तक्रार पाणीपुरवठ्याची, मलनिस्सारणाची, पावसाळी गटारांची की रस्त्याची, हे अर्जदाराने स्वतः ठरवायचे असते. जमिनीखाली कोणती वाहिनी फुटली आहे हे कळत असते, तर अर्धे काम आम्हीच केले असते. मी पाणीपुरवठा विभाग निवडला. तीन दिवसांनी ‘सदर बाब या विभागाशी संबंधित नाही’ असे उत्तर आले आणि तक्रार बंद झाली. ती योग्य विभागाकडे पाठवण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

या बाबतीत जगात कधीच पुढचे पाऊल टाकले गेले आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने १९९६ मध्ये ३११ हा क्रमांक सुरू केला तो आणीबाणीच्या ९११ या क्रमांकावरचा साध्यासुध्या दूरध्वनींचा भार हलका करण्यासाठी, परंतु लोकांना त्यातून मिळालेली खरी सोय अशी, की कोणत्या खात्याला विचारायचे याचा विचारच करावा लागू नये. न्यूयॉर्कनेही २००३ मध्ये हाच क्रमांक स्वीकारला. ब्रिटनमध्ये २००७ मध्ये मायसोसायटी या संस्थेने सुरू केलेले फिक्समायस्ट्रीट हे संकेतस्थळ आधी जागा विचारते आणि त्या जागेवरून तक्रार कोणत्या प्रशासनाकडे जायला हवी हे स्वतःच ठरवते. आमच्या अ‍ॅपमध्येही नकाशा आहे, पण तो केवळ खूण करण्यापुरता आहे. त्या खुणेवरून पुढे काही ठरत नाही.

आता उत्तरांकडे वळतो, कारण सेवेचा कस तिथे लागतो. सर्वांत नेटकी उत्तरे मला विद्युत विभागाकडून मिळाली. खांबाचा क्रमांक दिला की तेथील कर्मचारी पहिला प्रश्न विचारतात तो असा, की एकच दिवा बंद आहे की सलग ओळ. प्रश्न साधा दिसला तरी निदान त्यातच असते. एकच दिवा गेला असेल तर दोष बहुधा त्या दिव्यात किंवा खांबातल्या जोडणीत असतो, आणि पूर्ण ओळ गेली असेल तर केबल, पुरवठापेटी किंवा दिवे चालू-बंद करणारे स्वयंचलित यंत्र तपासावे लागते. माझ्या बाबतीत ओळ बंद होती. ‘केबल जमिनीखाली तुटली आहे, खोदाईची परवानगी मिळाल्यावर आठवड्याभरात काम होईल’ असे लेखी उत्तर आले. काम व्हायला दहा दिवस लागले, तरी मला त्याचे काही वाटले नाही, कारण मध्ये काय चालले आहे हे मला ठाऊक होते.

त्याच विभागाला विचारलेला दुसरा प्रश्न मात्र वाया गेला. नवे एलईडी दिवे बसल्यापासून पांढरा झगझगीत प्रकाश थेट शयनगृहात येतो, त्यावर काही करता येईल का, असे मी विचारले होते. ‘दिवे मानकांनुसार बसवण्यात आले आहेत’ एवढ्या एका ओळीत उत्तर आले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पथदिव्यांसाठी ३००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमान (हा आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर) आणि झाकण घातलेले दिवे वापरण्याची शिफारस केली ती याच कारणासाठी, की निळसर अंश जास्त असलेला प्रकाश डोळ्यांना खुपतो आणि झोपेच्या चक्रात ढवळाढवळ करतो. माझी मागणी दिवा काढून टाकण्याची नव्हती. घराच्या बाजूला एक आडपट्टी लावता येईल का, एवढाच प्रश्न होता. आडपट्टी लावता येत नाही असे उत्तर आले असते, तरी ते उत्तर ठरले असते. मानकांचा उल्लेख करून नेमके जे विचारले त्याला बगल देणे ही या सेवेची जुनी खोड आहे.

पाणीपुरवठा विभागाच्या प्रयोगशाळेने दिलेले उत्तर याच्या अगदी उलट टोकाचे होते, आणि वर्षभरात मिळालेले सर्वांत चांगले उत्तरही तेच. नळाचे पाणी दुधासारखे पांढुरके येते, ते प्यावे की नाही, असा माझा प्रश्न होता. त्याच संध्याकाळी एका तंत्रज्ञ महिलेचा दूरध्वनी आला. त्यांनी मला काचेच्या पेल्यात पाणी भरून दोन मिनिटे ओट्यावर ठेवायला सांगितले आणि पांढरेपणा खालून वर निवळतो की वरून खाली, हे पाहायला सांगितले. तो खालून वर निवळत गेला. म्हणजे ते हवेचे बारीक बुडबुडे होते. दुरुस्तीनंतर वाहिनीत दाबाखाली अडकलेली हवा पाण्यात मिसळते आणि नळातून बाहेर पडताना मोकळी होते, त्यात अपायकारक काही नाही. गाळ असता तर तो तळाशी बसला असता. क्लोरीनच्या वासाबद्दलही त्यांनी न विचारता सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ग्राहकाच्या नळापाशी पोहोचेपर्यंत पाण्यात प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असायला हवा, तेव्हा हलका वास येणे म्हणजे वाटेत जंतू शिरले तरी त्यांचा बंदोबस्त होण्याइतका क्लोरीन शिल्लक असल्याची खूण आहे. गढूळ किंवा तांबूस पाणी आले तर काय करावे, हेही त्या सांगून गेल्या. असे उत्तर एकदा नीट लिहून संकेतस्थळावर ठेवले, तर तोच प्रश्न विचारणाऱ्या शेकडो घरांचा आणि त्या प्रयोगशाळेचाही वेळ वाचेल. संकेतस्थळावर ‘वारंवार विचारले जाणारे प्रश्न’ असे एक पान आहेही, पण त्यावर केवळ कर कसा भरावा याचीच माहिती आहे. पालिकेला वारंवार पडणारा प्रश्न तोच असावा.

रस्त्यांविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल. वळणावरच्या एका खड्ड्याबद्दल मी एकूण तीन वेळा नोंद केली. पहिल्या वेळी चौथ्या दिवशी ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा संदेश आला आणि सोबत बुजवलेल्या खड्ड्याचे छायाचित्र आले. छायाचित्रातला खड्डा दुसऱ्याच रस्त्यावरचा होता, कारण त्यात दिसणारी कुंपणाची भिंत आमच्या भागात कुठेही नाही. दुसऱ्या वेळी खड्डा खरोखरच बुजवला गेला, पण भर पावसात, साचलेले पाणी तसेच ठेवून, त्यात डांबरमिश्रित खडी ओतून आणि फावड्याने चोपून. ती खडी दोन आठवड्यांत रस्त्याभर विखुरली. तिसऱ्या वेळी मी खड्डा बुजवण्याची मागणी केली नाही. हाच खड्डा पुन्हापुन्हा का पडतो, असा प्रश्न विचारला.

या प्रश्नाला लेखी उत्तर आजतागायत आलेले नाही, मात्र खिडकीवर भेटलेल्या एका कनिष्ठ अभियंत्याने ते तोंडी दिले आणि फार प्रामाणिकपणे दिले. रस्त्याच्या वरच्या थराला तडे गेले की पाणी आत झिरपते, खालचा खडी-मुरुमाचा थर मऊ पडतो, आणि प्रत्येक चाकासरशी ते पाणी दाबले जाऊन बारीक माती बाहेर उपसत राहते. शेवटी वरचा थर आधाराविना तरंगतो आणि खचतो. अशा जागी नुसते वरून भरणे म्हणजे कुजक्या भिंतीला गिलावा करणे होय. तुटक्या कडा सरळ चौकोनात कापायच्या, भिजलेला भाग काढून टाकायचा, जागा कोरडी करायची, कडांना आणि तळाला पातळ डांबराचा हात द्यायचा, मग भर घालून यंत्राने दाबायची, असा खरा क्रम आहे. आमच्या वळणावर तर त्याच्याही आधीची चूक होती. दोन वर्षांपूर्वी वाहिनी टाकण्यासाठी तेथे चर खणला होता आणि तो थराथराने न दाबता एकदम भरून टाकला होता, त्यामुळे तो अजूनही खचतो आहे. हे सर्व त्या अभियंत्याने मला उभ्याउभ्या सांगितले आणि शेवटी आवाज उतरवून म्हणाला, ‘काका, हे लेखी द्यायचं तर चर कोणी भरला ते पण लिहावं लागेल.’ लेखी उत्तर का आले नाही हे मला तेव्हा समजले.

‘निकाली’ या शब्दाविषयी येथेच सांगितले पाहिजे. या सेवेत तक्रारीच्या तीनच अवस्था आहेत: प्राप्त, प्रक्रियेत आणि निकाली. काम पूर्ण झाले, काम नाकारले, काम दुसऱ्या खात्याचे आहे, पाहणीसाठी आलो पण जागा सापडली नाही, अर्जदाराने दूरध्वनी उचलला नाही, हे सर्व प्रकार ‘निकाली’ या एकाच पेटीत जातात. विभागप्रमुखासमोर येणाऱ्या मासिक तक्त्यात मग ही सर्व प्रकरणे यशाच्या रकान्यात मोजली जातात, आणि कर्मचाऱ्याला तक्रार सोडवण्यापेक्षा ती बंद करण्याची घाई होणे स्वाभाविक ठरते. या एका शब्दाचे चार शब्द केले तरी सेवेचा निम्मा दोष जाईल असे माझे मत आहे. फिक्समायस्ट्रीटमध्ये नोंदीनंतर चार आठवड्यांनी अर्जदारालाच विचारले जाते, की प्रश्न सुटला का. बंद करण्याचा अधिकार काम करणाऱ्याच्याच हाती असला तरी किमान दुसरी बाजू नोंदली जाते.

आवाजाच्या तक्रारीत या सेवेने पुरती निराशा केली. बांधकामावरचे यंत्र रात्री चालते, असे मी वेळेसह लिहिले होते. पाहणी झाली ती दुपारी बारा वाजता, आणि आवाज विहित मर्यादेत असल्याचे कळवून तक्रार बंद झाली. रस्त्यावर वाहने धावत असताना जो आवाज त्या गोंगाटात विरून जातो, तोच मध्यरात्री खिडकीवर आदळतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. डेसिबलचे माप सरळ पायऱ्यांचे नाही. तीन डेसिबलने आकडा वाढला तर ध्वनीची ऊर्जा दुप्पट झालेली असते, आणि दहाने वाढला तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे ‘मर्यादेपेक्षा थोडाच जास्त’ या शब्दांना फारसा अर्थ नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २००९ मध्ये रात्रीच्या आवाजाची जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत घराबाहेरची रात्रीची सरासरी ४० डेसिबल असावी असे सुचवले आहे. दुपारच्या मोजणीला त्या आकड्याशी काही देणेघेणे नाही. फेरतपासणी मागितल्यावर रात्रीचा प्रश्न पोलिसांचा असल्याचे सांगण्यात आले, आणि पोलिसांनी बांधकामाची परवानगी पालिकेची असल्याचे सांगितले. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. माझी झोप मात्र दोन्ही जागांच्या मध्ये पडली होती.

सर्व दोष सेवेच्याच माथी मारणे न्याय्य होणार नाही. डासांच्या बाबतीत चूक आम्हा रहिवाशांची होती. आमच्या गल्लीतून धूरफवारणीसाठी एका आठवड्यात इतक्या नोंदी गेल्या, की पालिकेने दोनदा गाडी पाठवली आणि सर्वांनी समाधानाने खिडक्या लावून घेतल्या. धुराने मरतात ते त्या क्षणी उडत असलेले डास. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचे अंड्यापासून पूर्ण डास होण्याचे चक्र उबदार हवेत साधारण सात ते दहा दिवसांत पूर्ण होते, म्हणजे कुंड्यांखालच्या ताटल्यांत आणि गच्चीवरच्या डब्यांत पाणी असेपर्यंत दर आठवड्याला नवी पिढी तयार राहते. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात, म्हणून भांडे नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासावे लागते. आरोग्य विभागाला हे ठाऊक नव्हते असे नाही. मी विचारल्यावर तेथील निरीक्षकांनी हेच सांगितले आणि वर म्हणाले, की गाडी फिरली नाही तर लोक आम्ही काहीच करत नाही असे समजतात. दिसणारे काम मागितले की दिसणारे काम मिळते. मला या उत्तराचा राग आला, पण खोडून काढता आले नाही.

झाडांची छाटणी आणि भटकी कुत्री यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. छाटणीला वेळ लागला, पण फांदीत पक्ष्याचे घरटे आहे म्हणून थांबल्याचे कळवले होते. कुत्र्यांबद्दल ‘उचलून न्या’ या मागणीवर निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याच जागी सोडण्याचे धोरण नीट समजावून दिले, आणि रेबीज रोखण्यासाठी भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण व्हावे लागते, हा आकडाही दिला. आमच्या भागात किती टक्के झाले, हे मात्र दिले नाही.

सेवेतील सर्वांत मोठी उणीव अशी, की प्रत्येकाला फक्त स्वतःची नोंद दिसते. एकाच फुटलेल्या झाकणाबद्दल पाच घरांनी पाच वेळा लिहायचे आणि पाच कर्मचाऱ्यांनी ते पाच वेळा बंद करायचे, असा प्रकार त्यामुळे घडतो. नोंदी नावे वगळून नकाशावर खुल्या केल्या, तर कोणीही आधी पाहील आणि मगच लिहील. मात्र खुल्या नकाशालाही एक दोष चिकटतो, आणि तो आधीच ओळखायला हवा. बॉस्टन शहराने २०१२ च्या सुमारास स्ट्रीट बम्प नावाचे अ‍ॅप आणले, जे गाडीतल्या फोनला बसणाऱ्या धक्क्यांवरून खड्डे टिपत असे. ज्या वस्त्यांत स्मार्टफोन आणि गाड्या जास्त, तिथले खड्डे जास्त दिसणार, हा त्यातला पेच जाणकारांनी लगेच दाखवून दिला. आमच्याकडे नदीकाठच्या जुन्या वस्तीतून अ‍ॅपवर नोंदी जवळजवळ येत नाहीत, असे खिडकीवरच्या मॅडम सांगतात. तिथले लोक खिडकीवर येतात, आणि खिडकी दुपारी दोनला बंद होते, जेव्हा त्यांच्यातले बहुतेक जण कामावर असतात. ही वेळ संध्याकाळी दोन तास वाढवणे हे कोणतेही नवे अ‍ॅप आणण्यापेक्षा जास्त उपयोगाचे ठरेल.

उत्तर पटले नाही तर अपील करता येते, अशी तळटीप प्रत्येक संदेशाखाली असते. मी एकदा केले. ते ज्याने तक्रार बंद केली होती त्याच अधिकाऱ्याकडे गेले आणि त्याने ते त्याच वाक्यात पुन्हा बंद केले. प्रशासनाविरुद्धची तक्रार प्रशासनाबाहेरच्या माणसाने ऐकावी, या विचाराने स्वीडनने १८०९ मध्येच ओम्बुड्समन हे पद निर्माण केले होते. एका पालिकेकडून तेवढ्या मोठ्या व्यवस्थेची अपेक्षा नाही, परंतु अपील किमान दुसऱ्या टेबलावर जावे, एवढे तर मागता येईल.

खिडकीवरच्या या मॅडमनी दिलेला एक सल्ला मात्र येथे नोंदवतो, कारण वर्षभरात माझ्या सर्वाधिक कामी आला तो हाच. माझा चार मुद्द्यांचा सविस्तर अर्ज त्यांनी वाचला, पेन बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, ‘काका, एका अर्जात एकच प्रश्न लिहा. दोन लिहिलेत, तर एकाचं उत्तर येतं आणि दोन्ही बंद होतात.’ मी तो अर्ज तिथेच फाडला आणि वळणावरच्या खड्ड्यासाठी नवा लिहिला. त्यात खांबाचा क्रमांक, रस्त्याची बाजू, पाणी किती वेळ साचून राहते याची नोंद आणि एकच प्रश्न आहे: येथील चर पुन्हा उघडून थराथराने कधी भरला जाईल. तो सध्या प्रक्रियेत आहे.